पलंगाची दुसरी बाजू

रविवार, ४ फेब्रुवारी

ढम्या,

तुझी चिठ्ठी मिळाली. "बास विकून टाक. येईल त्या किमतीला दे." एवढंच? दोन वर्षांनी घरी लिहायला बसलास आणि दोन ओळींत दमलास. अक्षर तर असं की कागदावरून ओल्या पायांची कोंबडी गेली असावी. आपल्या गुरुजींनी बघितलं असतं तर तुला पुन्हा पहिलीत बसवलं असतं. घाईत लिहिलंस असं समजतो.

फोन करणार होतो. केलाही. तू उचलत नाहीस, आणि उचललास तर "हं" आणि "बघू" यांच्या पलीकडे जात नाहीस. पत्रात निदान तुला मध्येच "बरं, ठेवतो" म्हणता येत नाही.

विकायचा तर विकतो. वस्तू तुझी आहे. का विकायचा ते विचारत नाही. आपलं भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, भांडण मिटवता येतं. पण तू एक दिवस ट्रकने पेटी पाठवलीस, वर "राहू दे तिकडे" असा निरोप, आणि मग गप्प झालास. गप्प बसलेल्या माणसाशी काय मिटवायचं?

काल पेटी उघडली. कारखान्यात कोरड्या भिंतीला लावून ठेवली होती, ओल लागलेली नाही. तारा काळ्या पडल्यात, बाकी जसाच्या तसा. शाळेच्या मोडक्या बाकांच्या फळ्या बाबांनी लिलावात घेतल्या आणि त्यांतून तुझ्यासाठी हे इलेक्ट्रिक बास गिटार केलं, तेव्हा मी त्यांना हसलो होतो. काल त्याच्या पाठीवर तो शाईचा डाग पाहिला. तो डाग माझा की तुझा यावरून आपण किती भांडायचो. आता तो तुझा म्हणून टाकतो, वाद मिटला.

आई जवळ येऊन उभी राहिली. दांड्यावरून हात फिरवला. ती त्याला अजून गिटार म्हणत नाही, तुला माहीत आहे. सुताराचं मन बाभळीवर म्हणतात, बाबांचं मन आईच्या पलंगावर गेलं. चांगला पिकलेला, सरळ रेषेचा दांडा हवा म्हणून त्यांनी पलंगाची एक लांब बाजू काढून घेतली आणि "पुढच्या महिन्यात नवी करून देतो" म्हणाले. तो पुढचा महिना काही आला नाही. आई जमिनीवर झोपायला शिकली.

"विकायचाय म्हणतोय," मी म्हटलं.

"विकू दे. पण गिऱ्हाइकाला सांग, हा माझा पलंग आहे. त्यावर कुणी झोपायचं नाही."

तुझ्या वहिनीने फोटो काढून मोबाइलवरच्या वाद्यांच्या बाजारात टाकले. तिथे 'बनावट' म्हणून एक रकाना असतो. तिने लिहिलं, 'हाताने केलेला, एकच.' संध्याकाळपर्यंत इतके फोन आले की ती म्हणाली, भाऊजींनी काही भानगड केली आहे का? मग कळलं की तुमच्या वाद्यवृंदाची ती जुनी ध्वनिफीत कुणीतरी पुन्हा बाहेर काढली आहे, आणि पोटातून बोलल्यासारखा तो आवाज कुठल्या वाद्याचा, हे लोक शोधत होते. तुला हे माहीत होतं का?

एकच गोष्ट माझ्या मनाने करणार. बाबांचा नेम तुला ठाऊक आहे. ज्याची वस्तू, त्याचा हात लागल्याशिवाय ती कारखान्याबाहेर जायची नाही. खुर्ची असेल तर बसून दाखवा, टाचा टेकतात का बघू. काठी असेल तर अंगणात एक फेरी मारा. त्या हिशेबाने बास घेणाऱ्याने तो माझ्यासमोर वाजवला पाहिजे. मला सुरातलं काही कळत नाही. पण हात वस्तूवर बसला की नाही, एवढं मला दिसतं.

आई बरी आहे. गुडघे सोडून.

दादा


सोमवार, १९ फेब्रुवारी

ढम्या,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही, मला सांगायचंच आहे.

काल एक गृहस्थ येऊन गेले. जुनी वाद्यं जमवतात. मोठी गाडी, मऊ बोलणं. बास हातात घ्यायच्या आधी खिशातून पांढरे मोजे काढून हातात घातले. आई दारातून बघत होती, ती मला हळूच म्हणाली, "ऑपरेशन करणार की काय?"

त्यांनी बराच वेळ पाहिला. खुंट्या, दांड्यावरचे धातूचे पडदे, पंख्याच्या तांब्याच्या तारेने गुंडाळलेली, आवाज पकडणारी ती लोहचुंबकाची डबी. ती रेडिओवाल्याने करून दिली होती, ते मी सांगितलं.

"आणि बाकीचा?"

"आमच्या वडिलांनी."

"ते वाद्यं करायचे?"

"दारं करायचे. खुर्च्या, पाळणे. वाद्य हे एकच."

मग ते म्हणाले, "तुमचे बंधू डावखुरे का?"

"नाही."

"मग हा त्यांच्यासाठी केलेला नसणार."

"त्याच्यासाठीच केला. त्याच्या हाताचं माप घेताना मी तिथेच होतो."

"अहो, पण हा डावखुऱ्याचा आहे." त्यांनी तो अंगाला लावून दाखवला. खालचा खड्डा, जो मांडीवर बसायला हवा, तो त्यांच्या बाबतीत वर आभाळाकडे गेला. जाड तार खाली, बारीक वर. "बघा. सगळं उलटं आहे."

मी त्यांना चहा विचारला. 

ढम्या, तू कुठल्या हाताने जेवतोस, लिहितोस, लहानपणी कुठल्या हाताने माझ्या डोक्यात टपली मारायचास, हे मला ठाऊक नाही होय? पण वाजवताना तू जसा धरायचास तसाच तो सगळेजण धरत असतील, असं मी धरून चाललो. दुसरा बास मी आयुष्यात कुठे पाहिला?

ते चहा पीत होते आणि मला आईची ओरड आठवत होती. "माझा चमचा कुठे नेला?" तुला आठवतं? वाद्यांच्या दुकानातून तू ते भलंमोठं चित्र मागून आणलं होतंस, जवळजवळ खऱ्या मापाचं, नुसता बास, वाजवणारा कुणी नाही. बाबांनी त्यावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीने गिरवलं. मग कागद लाकडावर पालथा घातला आणि पाठीवरून चमच्याने घासला. पेन्सिल लाकडावर उमटली. सगळी नक्षी ते अशीच उतरवायचे. आयुष्यभर. फुलं, कमानी, खुर्च्यांच्या पाठी, सगळ्या दोन्हीकडून सारख्या, त्यात डावं-उजवं काय कळणार? एकदा पाळण्यावरचा घोडा तेवढा भलतीकडे तोंड करून उभा राहिला होता. गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही, घोड्यानेही नाही.

कागद पालथा घातला की चित्र उलटतं, ढम्या. मीही तीस वर्षं तसंच करतोय आणि काल पहिल्यांदा माझ्या डोक्यात हे आलं.

तुला कधी कळलं? मला वाटतं, तू बास घेऊन पहिल्यांदा शहरात वाद्यवृंदातल्या त्या मुलांकडे गेलास तेव्हाच. परत आलास तेव्हा बाबा पायरीवर बसून होते. उगाच एक पटाशी पुसत होते. "काय म्हणाले रे लोक?" आणि तू म्हणालास, "बघतच राहिले." त्यानंतर कितीतरी दिवस बाबा येईल त्याला सांगत होते. बघतच राहिले म्हणे.

लोक काय बघत राहिले असतील ते मला काल समजलं.

तारा उलट्या लावून घेता आल्या असत्या तुला. दुसरा बास मागता आला असता. तू त्याऐवजी स्वतःचे हात उलटे करून घेतलेस. आणि त्यावर वाजवून नाव काढलंस.

त्या गृहस्थांना मी नाही म्हटलं. "वाजवता का?" विचारलं तर म्हणाले, "नाही, मी जपतो. काचेच्या कपाटात राहील, धूळ बसणार नाही." किंमत वाढवली. आई आतून म्हणाली, "जपायला आम्ही काय मेलो आहोत?" माणूस सज्जन होता, रागावला नाही. मी बाबांचा नेम सांगितला.

"नियम चांगला आहे," ते म्हणाले, "पण अशाने धंदा होत नाही."

"वडिलांचाही झाला नाही," मी म्हटलं. दोघंही हसलो.

उत्तर पाठव.

दादा


बुधवार, ६ मार्च

ढम्या,

उत्तर आलं. "आईला सांगू नकोस." पुन्हा तीच कोंबडी, पुन्हा एकच ओळ. पण ही ओळ मी चार वेळा वाचली. बाबा जाऊन किती वर्षं झाली, आणि अजून तू त्यांच्या चुकीवर पांघरूण धरून उभा आहेस.

मी आईला सांगितलं नाही. हे आधी वाच आणि मगच पुढे वाच.

झालं असं की दुपारी काम नव्हतं. मी बास मांडीवर घेऊन बसलो. तू जसा धरायचास तसा धरून पाहिला, मग उलटा धरून पाहिला. आई समोर शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली,

"कळलं वाटतं."

"काय?"

"उलटा आहे ते."

मी बास मांडीवरून खाली ठेवला. 

"तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"तुझ्या बाबांनी."

आता नीट ऐक. तुमचा पहिला मोठा कार्यक्रम झाला, त्या सभागृहात बाबा गेले होते. तुला वाटतं ते आले नव्हते. ते गेले होते. मागच्या रांगेत बसले. तुझ्याआधी दुसऱ्या एका गटाचं वाजवणं झालं, त्यात एक बासवाला होता. मग तू आलास. बाबांनी ते पाहिलं. सुतार माणूस, दोन वस्तू शेजारी ठेवल्या की कुठली कशी आहे हे त्यांना सांगावं लागत नाही.

घरी आले ते जेवले नाहीत. आईने विचारलं, पोरगं नीट वाजवत नव्हतं का? म्हणाले, "सगळ्यात छान त्यानेच वाजवलं. माझी चूक वाजवली त्याने."

"मग मी म्हटलं, सांगून टाका त्याला," आई म्हणाली. "नवा करून द्या. तर म्हणाले, नवा करतो, पण सांगायचं नाही."

"का?"

"म्हणाले, त्याने माझा मान ठेवलाय. आता मी तोंड उघडलं तर त्याने ठेवलेला मान मातीत जाईल."

मी म्हटलं, "मग नवा केला का नाही?"

आई हसली. ते तिचं एका बाजूचं हसू. "तुला काय वाटतं, पलंगाची दुसरी बाजू कुठे गेली?"

ढम्या, मला कधी हा प्रश्नच पडला नाही! पलंगाची एक बाजू तुझ्या बासला गेली. पण बाजू दोन असतात. पाय, डोक्याकडची पाटी, सगळं माळ्यावर आहे, ते मी दरवर्षी झाडतो. दुसरी लांब बाजू तिथे नाही हे मी पाहत होतो आणि मला दिसत नव्हतं.

माळ्यावर शिडी लावली. अगदी कोपऱ्यात, जुन्या चादरीत गुंडाळलेलं. वर आईच्या गाठी, बाबांच्या नाहीत. आत दांडा आहे, पडद्यांच्या खाचा पाडलेल्या, पाठ अजून चौकोनी, हातासाठी गोल केलेली नाही. बाकाची एक जाड फळी आहे, तिच्यावर पेन्सिलीने आकार काढलेला, कापलेला नाही. आणि तो आकार सुलटा आहे. दोन पातळ कागद तसेच घडी घालून ठेवलेत. या वेळी त्यांनी गिरवलेला कागद आधी दुसऱ्या कागदावर पालथा घालून घासला, आणि मग तो दुसरा कागद लाकडावर पालथा घातला. किती जपून केलं असेल. फळीवर खोडरबराचा एकही डाग नाही.

"मग का थांबले?"

"तोवर तो इतकं सुंदर वाजवायला लागला," आई म्हणाली. "हे म्हणाले, आता हा त्याच्या हातात दिला तर त्याला चालताना पाय बदलायला सांगितल्यासारखं होईल. ठेवून दे. मी ठेवून दिलं."

तुम्ही दोघांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली, आणि आई मधे बसून दोघांना वाढत राहिली. बाई आहे की बँकेची तिजोरी!

आता विक्रीचं. एका बाईंचा फोन आला होता. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करतात, सुट्टीच्या दिवशी एका गटात वाजवतात. किंमत विचारली नाही. एवढंच विचारलं, "खरंच डावखुरा आहे ना? उजव्याचा उलटा करून तारा बदललेला नाही ना?" मी म्हटलं, जन्मापासून डावखुरा आहे. २३ तारखेला येणार आहेत.

हे सगळं कळल्यावरही विकायचा आहे का? तू नाही म्हण, मी त्या बाईंना आजच कळवतो.

दादा


मंगळवार, १२ मार्च

ढम्या,

तुझ्या बायकोने काल आईला फोन केला. माझं पत्र तिने वाचलं, तुझ्याआधी. तिच्यावर रागावू नकोस. ती रडत होती आणि आई तिला "अगं, नीट सांग, नीट सांग" म्हणत होती, आणि मी आईच्या तोंडाकडे बघत उभा होतो.

तुझ्या कामावरचं पुठ्ठा कापायचं यंत्र. उजवा हात. तर्जनी आणि मधलं.

म्हणजे पेटी आली त्याच महिन्यात. आणि अक्षर. कोंबडी म्हणालो मी. तू डाव्या हाताने लिहायला शिकत होतास आणि मी तुला पहिलीत बसवत होतो.

तुझ्या त्या बासवर तारा दाबायला तुझा उजवा हातच लागतो, हे मला आता आता समजायला लागलं आहे. म्हणून "विकून टाक".

सांगितलं नाहीस म्हणून रागावणार होतो. जमलं नाही. आपल्या घरात ही रीतच आहे, जे दुखतं ते चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकायचं. तू घराबाहेरचं काही केलं नाहीस.

आज सकाळी नेहमीसारखा देवासमोर हात जोडून बसलो. मागायला काही सुचेना. पहिल्यांदाच मला माझी दहा बोटं जास्त वाटली.

 संध्याकाळी आई म्हणाली, "त्याला लिही, बटणं कोण लावून देतं विचार." मी लिहिलं. कोण लावून देतं?

बासचं तू सांगशील तसं. तुझी बायको म्हणाली की तू म्हणतोस, "ज्याला वाजवता येईल त्याला दे, नुसता ठेवू नका." खरंच तू असं म्हणालास का? म्हणाला असशील तर बाबांचंच म्हणणं झालं ते. तसं असेल तर उत्तर पाठवू नकोस. उत्तर आलं नाही तर मी तो त्या बाईंना दाखवतो.

दादा


रविवार, २४ मार्च

ढम्या,

उत्तर आलं नाही. म्हणून विकला.

सगळं सांगतो. घाई करू नकोस, बसून वाच.

त्या बाई काल आल्या. तिशीच्या असतील. मागून नवरा, हातात जड आवाजपेटी, घामाघूम.

"हे आमचे हमाल," त्या म्हणाल्या.

"पगार नाही, जेवण नाही," नवरा म्हणाला, "आणि जाताना म्हणते, हळू चल, वायर हलते."

आईला तो लगेच आवडला. त्याला पाणी दिलं, मला दिलं नाही.

बाईंनी बास पाहिला आणि हात मागे घेतला. मग साडीला, नाही, ओढणीला तळवे पुसले. त्यांच्या डाव्या अंगठ्याला काचा घासून घट्टा पडलाय, आपल्यासारखाच. बसल्या, बास मांडीवर घेतला. ढम्या, तो खड्डा मांडीवर असा बसला की मला बाबांचा आवाज ऐकू आला, "टेकल्या बघ टाचा." त्या काही वाजवेनातच. 

"काय झालं गं?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. पहिल्यांदाच वाद्याने माझ्याकडे तोंड केलंय." मग मला म्हणाल्या, "काका, आयुष्यभर मी उजव्यांच्या वस्तू उलट्या करून वापरल्यात. कात्री, मोजपट्टी, हे सगळं. हा कुणासाठी केला होता?"

मी सांगितलं. सगळं. चमचा, पालथा कागद, तू, बाबा. तुझ्या हाताचंही सांगितलं. तुला विचारायला हवं होतं कदाचित. पण त्या बास धरून बसल्या होत्या, त्यांच्यापासून लपवणं मला बरं वाटेना.

मग त्यांनी वाजवलं. तू गेल्यापासून या घरात तो आवाज नव्हता. खिडकीची काच थरथरली, फळीवरच्या डबीतले खिळे हलले. आई स्वयंपाकघरातून ओले हात घेऊन बाहेर आली आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली. डोळे मिटून. वाजवून झाल्यावर म्हणाली, "पलंग अजून भक्कम आहे."

मी किंमत सांगणार, तेवढ्यात बाईंनी विचारलं, "तुमच्या भावाचा उजवा अंगठा आहे ना?"

"आहे."

"मग उजव्याचा का नाही वाजवत? तारा डाव्या हाताने दाबायच्या, उजव्या अंगठ्याने छेडायच्या. बघा." आणि त्यांनी नुसत्या अंगठ्याने छेडून दाखवलं. तो आवाज वेगळा होता, मऊ. जाड पायांचं मांजर चालावं तसा.

"त्याला सगळं उलटं शिकावं लागेल," मी म्हटलं.

"एकदा शिकलाच आहे की उलटं. आता सुलटं शिकेल." मग हसून म्हणाल्या, "अडला तर मला फोन करू दे. उलट्या जगात कसं राहायचं ते मला विचारा."

जाताना त्यांनी आईला वाकून नमस्कार केला. आईने त्यांच्या डाव्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "झोपायचं नाही त्याच्यावर." नवरा बिचारा अजून विचार करत असेल.

तू म्हणशील, मोकळी भिंत बघून दादाला वाईट वाटलं असेल. वाटलं. पण वस्तू हातात गेली, कपाटात नाही. बाबांच्या नेमाने गेली. पैसे तुझे आहेत, आईच्या डब्यात ठेवलेत. ते मी पाठवणार नाही, कारण माझा एक स्वार्थ आहे. तो आता सांगतो.

आज ती दुसरी फळी खाली आणली. बाबांची पेन्सिलीची रेघ अजून स्पष्ट आहे. मी त्या रेघेवरून करवत चालवली. रेघ सोडली नाही. आकार निघाला आहे. रेडिओवाल्याचा मुलगा आता ते दुकान चालवतो, डबी करून देतो म्हणाला. खुंट्या, तारा आणतो.

देवाने हे आधीच योजून ठेवलं होतं, असं मी म्हणणार नाही. कुणाची बोटं घेऊन देव योजना करत नसतो, एवढी माझी त्याच्याशी ओळख आहे. पण बाबांचं अर्धं काम इतकी वर्षं माळ्यावर राहिलं, त्याला वाळवी लागली नाही, आणि आईने ते कुठल्या थंडीत चुलीत घातलं नाही, एवढ्याबद्दल मी आज हात जोडले. या वेळी सुचलं काय म्हणायचं ते.

राहिला दांडा. सगळं मला करता येईल, तो करता येणार नाही. त्याची पाठ अजून चौकोनी आहे. ती किती गोल करायची, किती सोडायची, हे ज्याच्या हातात बसायचा त्याच्या मुठीवर ठरतं. पहिल्या वेळी बाबांनी माप कसं घेतलं होतं, आठवतं? मापपट्टी नाही, काही नाही. "माझं मनगट धर," म्हणाले, "जसं आवडेल तसं धर." तू धरलंस, आणि ते दुसऱ्या हाताने तुझ्या बोटांची मिठी चाचपत राहिले. बराच वेळ. मला तेव्हा वाटलं होतं, एवढा वेळ कशाला लागतो मापाला.

तेव्हा तू उजव्या हाताने धरलं होतंस. आता डाव्या हाताचं माप हवं आहे, आणि ते पत्रातून पाठवता येत नाही.

आई म्हणते, उजवा हात खिशात घालून येऊ नकोस. जन्माला आलास तेव्हा तिने तुझी बोटं मोजली होती, आता पुन्हा मोजेल, जेवढी असतील तेवढी. पलंगाचं म्हणशील तर ती म्हणते, आता नवा नको, जमिनीची सवय झाली, आणि दोन पोरांना दोन बाजू देऊन झाल्यावर बाईने पलंग कशाला मागावा? मी म्हटलं, अगं, दोन्ही त्यालाच गेल्या! तर म्हणते, "तुला पाय दिले आहेत की."

दांडा कारखान्यात लाकूड आवळून धरायच्या शेगड्यात लावून ठेवलाय. त्याला पटाशी लावलेली नाही, लावणारही नाही. बाबा नाहीत, म्हणून मनगट माझं आहे. ये आणि धर.

दादा